सासूबाईंना घेऊन बेलेमला

फुनाबोरी

आमच्याकडे मंगळवारी प्लॅस्टिकचा कचरा जातो. मी दह्याचे डबे विसळून पिशवीत भरत होते, तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिनारु-सान, मला ॲमेझॉन नदी बघायची आहे."

मी म्हटलं, "टीव्हीवर लागलीय का?"

"नाही. तिथे जाऊन."

मी मूळची मीनल. जपानी जिभेला 'ल' झेपत नाही, म्हणून लग्नापासून मिनारु, आणि मागे मानाचं 'सान'. डोंबिवलीहून नोकरीसाठी तोक्योला आले, ऑफिसातल्या केंजीशी लग्न केलं आणि इथलीच झाले. सासूबाईंचं नाव तोमिको, वय शहात्तर. त्या पूर्वी तोक्योजवळ उरायासुला स्वतःच्या घरात एकट्या राहायच्या. २०११च्या भूकंपात समुद्र बुजवून केलेली तिथली जमीन पेजेसारखी झाली, अंगणातून राखाडी चिखल वर आला आणि घर एका बाजूला कललं. "दोन आठवडे येते," म्हणून त्या तोक्योतल्या फुनाबोरीत आमच्या फ्लॅटवर आल्या. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती.

आमचं भांडण कधीच झालं नाही. त्या बोलत नाहीत, करतात. मी घासलेली भांडी पुन्हा घासतात, मी घडी घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालतात आणि वर मलाच 'धन्यवाद' म्हणतात. डोंबिवलीत याला टोमणा म्हणतात. इथे हा शिष्टाचार आहे.

ॲमेझॉनच्या मुखाशी, ब्राझीलच्या बेलेम शहरात, त्यांची थोरली बहीण राहते हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही तो विषय काढत नव्हतं. चिएकोमावशी पन्नासच्या दशकात बोटीने गेल्या. तिकडे मिऱ्यांची लागवड करणाऱ्या एका जपानी तरुणाचा फोटो आला, लग्न ठरलं, आणि गेल्या त्या गेल्याच. सासूबाई दर वर्षाअखेरीस त्यांना खोकं पाठवत. त्यात उमेबोशी, म्हणजे आंबट-खारट मुरवलेली फळं, समुद्रातल्या शेवाळाचे कागद आणि हिरवा चहा असे. तिकडून दोन ओळींचं कार्ड येई. भूकंपानंतर मात्र मावशींचा फोन आला. बोट सुटल्यापासून बहिणींनी एकमेकींचा आवाज ऐकला नव्हता. सासूबाई रिसीव्हर कानाला लावून नुसतं "हाय, हाय" करत होत्या, म्हणजे "हो, हो". फोन ठेवला आणि त्यांनी आमचं स्वच्छ सिंक घासायला घेतलं.

"म्हणजे मावशींना भेटायला जायचंय?" मी विचारलं.

"नदी बघायला," त्या म्हणाल्या. "तिथे गेलेच, तर भेट होईलही."

केंजीला वर्षाअखेरीस सुट्टी मिळणं अशक्य होतं. "मिनारु-सान येईल," असं सासूबाईंनी माझ्या वतीने जाहीर केलं. आमची लेक मिका जपानीत म्हणाली, "ममा, मजा आहे तुझी," आणि पुन्हा फोनमध्ये गेली.

बेलेम विषुववृत्ताजवळ आहे, तिथे डिसेंबरात घाम निथळतो, हे मी सासूबाईंना पुन्हा पुन्हा सांगितलं. तरी त्यांनी अंगाला चिकटवायच्या गरम पट्ट्यांचं पाकीट बॅगेत टाकलंच. "विमानात गारठा असतो," त्या म्हणाल्या. उरलेल्या जागेत उमेबोशी.

विमानांबद्दल न लिहिलेलंच बरं. तोक्योपासून याहून लांब जायचं म्हटलं तर परतीचाच रस्ता लागतो.

बेलेम

बेलेम म्हणजे पोर्तुगीजमध्ये बेथलेहेम. विमानतळाचं दार उघडलं आणि इडलीपात्राचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ तोंडावर आली. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी रुमालाची घडी करून कपाळ टिपलं आणि तो रुमाल पिशवीत ठेवेपर्यंत पुन्हा काढावा लागला.

घ्यायला मावशींची मुलगी मार्सिया आली होती. पन्नाशीची, धिप्पाड, चेहरा अगदी केंजीच्या घराण्यातला, पण वागणं असं की नात्यातल्या कुठल्याही माणसाला धडकी भरावी. ती दोन्ही गालांची पापी घ्यायला पुढे झाली त्याच क्षणी सासूबाई नमस्कारासाठी कमरेत वाकल्या. त्यांचं कपाळ आणि मार्सियाची हनुवटी यांचा असा काही आवाज झाला की बाजूचा हमाल थांबून बघायला लागला.

शहराचे रस्ते आंब्याच्या झाडांखालून जातात. कलमं नव्हेत, तीन-तीन मजली झाडं, दोन्ही बाजूंनी वर भिडलेली. सिग्नलला गाडी थांबली आणि टपावर धाडकन काहीतरी पडलं. भूकंपाची सवय झालेल्या सासूबाई पिशवी डोक्यावर धरून सीटच्या पुढे खाली बसल्या.

"मांगा," मार्सिया म्हणाली आणि खिडकीतून हात घालून टपावरचा आंबा आत घेतला.

आंबा जसा गेला तसा त्याचा शब्दही आपल्याच किनाऱ्यावरून पोर्तुगीजांबरोबर गेलेला. तोक्योत एक आंबा जाळीदार झबलं घालून काचेमागे बसतो आणि लोक त्याच्याकडे बघून पुढे जातात. इथे आंबे रस्त्यावर लोळत होते आणि लोक त्यांना टाळून चालत होते. मी तो आंबा गाडीतच, शास्त्रोक्त पद्धतीने, घोळून चोखून खाल्ला. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"आई सकाळपासून स्वयंपाकघरात आहे," मार्सिया म्हणाली. तिची जपानी ऐकायला गंमत वाटत होती. आजोबांच्या काळातले शब्द आणि पोर्तुगीज हेल.

"आम्ही पर्यटक आहोत," सासूबाई म्हणाल्या. "आधी हॉटेल."

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी विश्रांती. उद्या बाजार बघायचा आहे. पुस्तकात लिहिलंय."

मार्सियाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या घरातली ही पद्धत मी एव्हाना चांगली शिकले आहे.

खोलीत आल्यावर मी म्हटलं, "ओकाआसान, मावशींचं घर इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे." ओकाआसान म्हणजे आई, मी त्यांना तेच म्हणते.

"बाजार सकाळीच असतो," त्या म्हणाल्या आणि हॉटेलच्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालू लागल्या.

बाजार

बेलेमच्या धक्क्यावरच्या बाजाराचं नाव वेर-ओ-पेझु, म्हणजे 'वजन बघा'. वजन करणारे पोर्तुगीज अधिकारी गेले, नाव राहिलं. निळसर लोखंडी इमारत, चार कोपऱ्यांना चार मनोरे, समोर मचव्यांची गर्दी, आणि त्या गर्दीत गिधाडं. इतकी निवांत फिरत होती की प्रत्येकाचा तिथे गाळा असावा.

फुनाबोरीच्या सुपरमार्केटात सासूबाई माशाच्या डोळ्यात डोळे घालून मगच तो विकत घेतात. इथे त्यांना स्वतःहून उंच मासा भेटला. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होते. मग सासूबाईंनी किंचित वाकून त्याला मान दिला आणि पुढे गेल्या.

तोक्योच्या कॅफेत आसाई नावाचं जांभळं, गोड, केळ्याचे काप घातलेलं काहीतरी मिळतं आणि ते खाल्लं की माणूस तरुण राहतो अशी समजूत आहे. त्याचं हे माहेर. इथे ते दाट पिठल्यासारखं वाडग्यात येतं, साखरेचा कण नाही, सोबत तळलेला मासा आणि कसावा नावाच्या कंदाचा खरखरीत रवा. पहिल्या घासाला ओल्या मातीची चव लागते, तिसऱ्याला सायीची. सासूबाईंनी वाडगा चाटूनपुसून संपवला. पानात टाकणं त्यांना जमत नाही. त्या हसल्या तेव्हा त्यांचे सगळे दात जांभळे झाले होते.

पुढे जडीबुटीच्या दुकानांची रांग होती. दोरीला लटकवलेल्या रंगीत बाटल्या, मुळ्या, साली. सासूबाईंनी डास चावलेला दंड दुकानदारिणीला दाखवला. बाईने त्यांना नीट निरखलं, दंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं, आणि एक बाटली काढून दिली. मी खुणेने विचारलं, कशासाठी? बाईने डोळ्यांतून पाणी गाळल्याचा अभिनय केला, मग खाली वाकून स्वतःचेच पाय धरले. मी महाराष्ट्रातून आलेली, मला लगेच कळलं. रुसून गेलेलं माणूस रडत पायाशी यावं म्हणून हे औषध. सासूबाईंना मी काही बोलले नाही. त्यांनी ते दोन्ही दंडांना चोळलं आणि डास खरोखरच आले नाहीत.

दुपारी उशिरा आंब्याच्या झाडाखालच्या एका गाडीवर आम्ही ताकाका घेतलं. इथले लोक भर उन्हाळ्यात हे उकळतं सूप भोपळ्याच्या कवटीतून पितात. कसाव्याचा आंबट पिवळा रस, तळाशी साबुदाण्याच्या खळीसारखा चिकट थर, सुकी कोळंबी आणि एक पालेभाजी. सासूबाईंनी दोन घोट घेतले आणि कवटी खाली ठेवली.

"मिनारु-सान," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझे ओठ गेले."

आमच्या एदोगावा वॉर्ड ऑफिसात भिंतीवर एक पोस्टर आहे. पक्षाघाताची शंका आली तर माणसाला दोन्ही हात वर करायला सांगा. मी सांगितलं. सासूबाईंनी लगेच दोन्ही हात वर केले. गाडीवरची बाई बघायला लागली, मग तिने काय समजून कोण जाणे, आपलेही दोन्ही हात वर केले. विम्याचे कागद हॉटेलात, पोर्तुगीज येत नाही, केंजीला काय सांगू, असा विचार करत मी घसा ओला करायला माझ्याच कवटीतला एक घोट घेतला. आणि माझेही ओठ गेले.

लांज्याला मामाकडे परसात पिवळ्या बोंडांचं एक झाड होतं. अक्कलकाढा. दाढ दुखली की आजोबा त्याचं फूल चावायला देत आणि तोंड बधिर होई. ती पालेभाजी त्याचीच सख्खी होती. मी सासूबाईंचे हात खाली घेतले आणि सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं इतक्या, हसत सुटल्या.

तेवढ्यात पाऊस आला. बेलेममध्ये तो रोज दुपारी येतो आणि लोक भेटीची वेळ 'पावसाआधी' किंवा 'पावसानंतर' अशी ठरवतात. आम्ही गाडीच्या ताडपत्रीखाली अंग चोरून उभ्या राहिलो. बधिर ओठांनी सासूबाई एकदम बोलायला लागल्या. शब्द बोबडे येत होते, त्यामुळे मला वाकून ऐकावं लागत होतं.

"ते स्थळ माझं होतं," त्या म्हणाल्या. "फोटो माझ्यासाठी आला होता. मी एकोणीसची. मला भीती वाटली. मी जेवण सोडलं, रात्रंदिवस रडले. शेवटी चिएको म्हणाली, मी जाते."

मी त्यांच्या खांद्यावर पडणारी ताडपत्रीची धार हाताने बाजूला केली.

"तिचा पहिला मुलगा तिकडे तापाने गेला. चार वर्षांचा होऊन. कार्डावर दोनच ओळी होत्या. ते सगळं माझ्या वाट्याचं होतं, मिनारु-सान. ती माझ्या जागी गेली." त्यांनी ओठांना बोट लावून बघितलं. "मी कधी कुठे फिरायला गेले नाही. केंजीचे वडील हवाईला जाऊ म्हणाले, मी नाही म्हटलं. तिला जंगलात पाठवून मी समुद्रकिनाऱ्यावर कशी बसू?"

नदी बघायला आलेल्या या बाईंना बहिणीच्या दारापर्यंतचा रस्ता का सापडत नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

चिएकोमावशी

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या नाश्त्याला तव्यावरची पांढरी घावनं होती, खोबरं आणि लोणी लावलेली. तुकडा तोंडात टाकला आणि मी ओळखलं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद इथला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, हा सगळा फराळही याच खंडातून आलेला. आमची अख्खी एकादशी दक्षिण अमेरिकेची आहे, असं मी डोंबिवलीला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, मग तिथे उपास न करायला तुला काही सबब नाही."

मी फोन ठेवत होते तोवर एक बाई थेट आमच्या टेबलाकडे चालत आल्या. ठेंगण्या, उन्हाने तांबूस झालेल्या, आखूड कुरळे केस, मोठ्या फुलांचा बिनबाह्यांचा फ्रॉक, लाल लिपस्टिक आणि रबरी सपाता. सासूबाई डोळ्यांसमोर आणत होत्या ती जंगलात खंगलेली बहीण ही नव्हती. ही बाई कार्निव्हलमधून घरी जाता जाता वाटेत थांबल्यासारखी दिसत होती.

"तोमि," त्या म्हणाल्या. "किती म्हातारी झालीस."

सासूबाई उभ्या राहिल्या. "तूही."

"मी नाही," मावशी म्हणाल्या आणि त्यांना मिठी मारली. सासूबाईंचे हात शाळेतल्या प्रार्थनेत असतात तसे अंगाला चिकटलेले होते. बऱ्याच वेळाने एक हात वर आला आणि मावशींच्या पाठीवर टेकला.

त्यानंतर पर्यटन संपलं. मावशींनी आमच्या बॅगा भरायला लावल्या आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो. बैठं घर, लाल फरशी, व्हरांड्यात एका खांबावर चढवलेला मिरवेल. माझ्या मामाच्या पोफळीवर चढवतात तसाच. मी त्याला हात लावला तर मावशी म्हणाल्या, "याचे आईबाप तुमच्या बाजूचेच. आमच्या लोकांनी रोपं सिंगापूरहून आणली."

दोघी बहिणी कुमामोतोच्या. तिथल्या बोलीत वाक्याच्या शेवटी 'बाइ' लावतात. सासूबाईंनी तोक्योला आल्यावर ती बोली टाकली होती. माझ्या कानावर ती कधीच पडली नव्हती. मावशींशी बोलताना ती अर्ध्या तासात परत आली. मला निम्मं कळेना, पण प्रत्येक वाक्य 'बाइ'वर संपत होतं आणि स्वयंपाकघरात बसून ते ऐकताना मला वाटत होतं, मी डोंबिवलीत भिशीला बसलेय.

जेवायला भात होता, मावशींनी घरी सोयाबीन आंबवून केलेलं मिसो होतं, कच्च्या पपईचं लोणचं होतं, आणि कसाव्याच्या पाल्याची काळीकुट्ट भाजी. हा पाला आठवडाभर उकळावा लागतो, नाहीतर विषारी असतो, असं मार्सियाने मी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर सांगितलं.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी बॅगेतून उमेबोशीचे डबे काढून मावशींसमोर रचले. मग त्या खुर्चीतून उतरल्या, फरशीवर गुडघे टेकून बसल्या, दोन्ही तळवे जमिनीला लावले आणि डोकं खाली टेकवलं.

"मी रडले म्हणून तुला यावं लागलं," त्या म्हणाल्या. "मला माफ कर."

मावशी डब्याचं झाकण उघडता उघडता थांबल्या. "काय म्हणतेस?"

सासूबाईंनी ते पुन्हा म्हटलं.

"तुला सापांच्या गोष्टी कोण सांगायचं?" मावशींनी विचारलं. "अंथरुणात, रोज. विहिरीच्या दोराएवढा साप, घराच्या छपरातून खाली येतो, नव्या नवरीचा वास त्याला लागतो."

"तू."

"मग?"

सासूबाईंनी डोकं वर केलं.

"मला यायचं होतं," मावशी म्हणाल्या. "फोटोत त्याच्या मागे मिऱ्यांचा मळा होता. केवढा मोठा. आपल्याकडे एवढंसं शेत, त्यात पाच भावंडं. मला तो मळा हवा होता, तोमि. नवरा मळ्याबरोबर आला. तू हो म्हटलं असतंस तर माझी पंचाईत झाली असती. म्हणून तुला घाबरवलं."

मार्सियाने हे पूर्वी ऐकलेलं असावं, कारण ती हसायला लागली. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, फ्रॉकवजा ड्रेसच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि मला म्हणाल्या, "मिनारु-सान, हॉटेलात अजून खोली मिळेल का विचार."

माराजो

हॉटेल काही मिळालं नाही, वर्षाअखेरीची गर्दी. त्यामुळे सासूबाई मावशींच्याच घरात, मावशींनीच घातलेल्या पलंगावर, भिंतीकडे तोंड करून झोपल्या. सकाळी माझ्याशी बोलल्या त्या एवढंच, "आज माराजो बेट बघू. पुस्तकात आहे."

बोटीवर मावशीही आल्या, कोणी बोलावलं नसताना. सासूबाई डाव्या बाजूला, मावशी उजव्या, मध्ये मी आणि मार्सिया. नदी म्हणायची ती ही: दोन्हीकडे किनारा दिसत नाही, पाणी चहाच्या रंगाचं, आणि बोट खारे वारे नसलेल्या समुद्रातून चाललेली.

"तिला विचार, पाणी हवंय का," मावशी म्हणाल्या.

मार्सियाने मला विचारलं, मी सासूबाईंना विचारलं. जपानीतून जपानीत दुभाषेपणा करण्याची ही माझी पहिलीच वेळ.

"तिला सांग, माझ्याकडे आहे," सासूबाई म्हणाल्या. आणि मग माझ्या कानाशी, "पन्नास वर्षांहून जास्त, मिनारु-सान. दर वर्षी खोकं बांधताना मी रडायचे. आणि ही मळा बघत होती."

माराजोवर म्हशीच म्हशी. म्हशीचं चीज, म्हशीच्या गाड्या, आणि पोलीस गस्त घालतात तेही म्हशीवर बसून. खाकी गणवेशातला तो हवालदार शिंगांमागे गंभीर चेहऱ्याने बसून आमच्या समोरून गेला तेव्हा मी त्याला पाहून आपोआप बाजूला झाले. यमधर्माला सरकारी नोकरी लागली असती तर असाच दिसला असता. तिथल्या लोकांच्या मते या म्हशी फुटलेल्या जहाजातून पोहत आल्या, आणि मुळात हिंदुस्थानातल्या. मी एकीच्या पाठीवर थोपटलं. तिने ओळख दाखवली नाही.

किनाऱ्यावर पर्यटकांना म्हशीवर बसवून फेरी मारतात. मावशी स्टुलावर चढल्या आणि फ्रॉक सावरून बसल्याही.

"मी पण," सासूबाई म्हणाल्या.

"ओकाआसान, तुमचा गुडघा," मी म्हटलं.

"गुडघा माझा आहे."

त्यांना म्हशीवर चढवायला मी, मार्सिया आणि म्हशीचा मालक, तिघं लागलो. दोन्ही म्हशी शहाण्यासारख्या वाळूवरून थोड्या चालल्या. मग पाणी दिसल्यावर त्यांनी मालकाचं ऐकणं सोडलं, सरळ आत शिरल्या आणि पोटापर्यंत पाणी आल्यावर थांबल्या. मालकाने हाका मारल्या, शिट्ट्या वाजवल्या. म्हशींनी डोळे मिटले. मालक सिगारेट पेटवून आम्हाला म्हणाला, त्यांना वाटेल तेव्हा येतील.

अशा रीतीने कुमामोतोच्या दोन बहिणी ॲमेझॉनच्या मुखात दोन म्हशींवर बसून राहिल्या. उतरता येत नव्हतं, एकमेकींपासून दूर जाता येत नव्हतं. मी काठावर दोघींच्या चपला धरून उभी. मग सासूबाई काहीतरी बोलल्या. मावशींनी उत्तर दिलं. आवाज चढले. वाऱ्यावर 'बाइ', 'बाइ' एवढंच ऐकू येत होतं.

"काय म्हणतायत?" मी मार्सियाला विचारलं.

"तोमिमावशी विचारतेय, साप खरंच होते का." ती कान देऊन ऐकत होती, हसत होती. "आई म्हणते, एक आला होता, स्वयंपाकघरात. छोटा होता. तिने झाडूने हाकलला."

मग सासूबाई खूप वेळ बोलल्या आणि त्यांचा आवाज फुटला. मार्सिया हसायची थांबली.

"माझ्या भावाचं बोलतायत. मी जन्मायच्या आधी गेला तो," ती हळूच म्हणाली. "तोमिमावशी म्हणते, ते दुःख माझ्या वाट्याचं होतं."

पाण्यातल्या मावशी म्हशीवर जमेल तेवढ्या बाजूला वळल्या. आता त्या ओरडत नव्हत्या. मार्सिया पाण्यात चार पावलं पुढे गेली, मीही तिच्या मागे, चपला वर धरून.

"आई म्हणते," मार्सियाने मला सांगितलं, "तो माझा मुलगा होता. त्याचं दुःख माझं आहे. मी ते इतकी वर्षं सांभाळलंय. त्यात तुझा वाटा नाही, तोमि. तू माझ्याकडून ते घेऊ नकोस."

सासूबाईंनी मान खाली घातली. खांदे हलत होते. मावशींनी हात लांब केला, पण म्हशींमध्ये अंतर होतं आणि हात पोचेना. शेवटी त्यांनी सासूबाईंच्या म्हशीचं शिंगाजवळचं कपाळ थोपटलं, तेवढंच त्यांच्या हाताला लागत होतं. त्या म्हशीला हे आवडलं असावं. ती वळली आणि काठाकडे चालायला लागली, दुसरी तिच्या मागून.

खाली उतरवल्यावर सासूबाईंचे पाय वाकडे पडत होते. मावशींनी त्यांचा दंड धरला. सासूबाईंनी सोडवून घेतला नाही, पण म्हणाल्या, "सापाची गोष्ट वाईट होती. मला अजून स्वप्नं पडतात."

"चांगली होती, म्हणून तर तू घाबरलीस," मावशी म्हणाल्या.

निघताना

नवं वर्ष आम्ही मावशींकडेच केलं. मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, घालून सूप झालं, त्यात मावशींनी ती ओठ बधिर करणारी भाजीही घातली. सासूबाईंनी मोठ्या मुश्किलीने, बोबड्या आवाजात, ही परंपरा नाही असा निषेध नोंदवला. मावशींनी घासलेली भांडी सासूबाई पुन्हा घासत आणि सासूबाईंनी घासलेली भांडी मावशी तिसऱ्यांदा घासत. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. इतकी सुखाची सुट्टी माझ्या वाट्याला लग्नानंतर आली नव्हती.

परतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. सासूबाईंची बॅग उघडीच, रिकामी.

"मी राहते," त्या म्हणाल्या. "तिकीट पुढे ढकलता येतं, मार्सियाने विचारलंय."

"किती दिवस, ओकाआसान?"

"चिएको म्हणते, पाऊस कमी झाला की मिऱ्यांचं जुनं गाव दाखवेन." मग त्यांनी माझ्याकडे न बघता जोडलं, "त्याला तिथेच पुरलंय. मुलाला. मी त्याला बघितलेलं नाही."

मी केंजीला फोन लावला. तोक्योत रात्र झाली होती, तो ऑफिसातून निघून स्टेशनवर उभा होता. मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती.

"मी उद्या एकटी निघतेय," मी म्हटलं. "आई राहतायत."

"म्हणजे? त्यांची तब्येत?"

"तब्येत उत्तम आहे. म्हशीवर बसल्या होत्या."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "आई? म्हशीवर?"

"हो."

"तू काही म्हणाली नाहीस त्यांना?"

"केंजी, तुझी आई माझं ऐकते असं तुला कधी दिसलंय?"

त्याची गाडी आली असावी. आवाज कमी झाल्यावर तो म्हणाला, "मावशींची काळजी घे म्हणावं त्यांना. नाही, मावशींना सांग, आईची..." आणि पुढे त्याला सुचेना. मी म्हटलं, सांगते.

विमानतळावर तिघी सोडायला आल्या. सासूबाईंच्या अंगावर मावशींचा मोठ्या फुलांचा फ्रॉक होता, खांद्यांवर सैल. त्यांनी मला आंब्यांची पिशवी दिली, जी पुढे सुरक्षा तपासणीत माझ्याकडून काढून घेतली गेली, आणि वाकून नमस्कार करत म्हणाल्या, "मिनारु-सान, घराकडे लक्ष असू दे." मीही वाकले. मार्सियाने दोन्ही गालांची पापी घेतली; एव्हाना मला कुठला गाल आधी ते कळायला लागलं होतं.

तपासणीच्या रांगेतून मी वळून पाहिलं. मार्सिया हात हलवत होती. दोघी बहिणी मात्र माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. घरी बसने जायचं की टॅक्सीने, यावर त्यांचं वाजलं होतं. मावशी हात उडवत होत्या, सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले होते, आणि त्यांचा आवाज रांगेपर्यंत येत होता. त्या आमच्या घरात इतकी वर्षं राहिल्या, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी हात हलवला. त्यांनी काही बघितलं नाही. माझ्या मागच्या माणसाने पुढे सरका म्हणून खुणावलं, तेव्हा मी सरकले.